मनी आधीं म्हातारी कां झाली?

आमच्या घरीं मनी नांवाची एक मांजरी आहे. ज्या वर्षीं आमच्या धाकट्या बंधूंस कन्या झाली, त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत कोणा अज्ञात दात्यानें हें भिजलेलें पिलूं आमच्या ओटीवर आणून ठेविलें. मुलगी आणि मांजरी एकाच वर्षीं घरांत आल्या, एकाच घरच्या दुधावर वाढल्या आणि पुष्कळदां एकाच पांघरुणांत निजल्या. आज दोघींसहि पंधरावें वर्ष चालूं आहे. मुलगी दहावीच्या वर्गांत शिकते व जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन गाळून चढते. मनी मात्र ऊन सरकेल तसतशी फरशीवरून सरकत असते. तिच्या अंगावरची तकाकी गेली आहे, पाठीचा कणा हातास लागतो, आणि पूर्वीं ज्या फडताळाच्या माथ्यावर ती एका उडींत जाऊन बसे, त्याकडे ती आतां नुसती मान वर करून पाहते.

गेल्या महिन्यांत या मनीवर मोठाच प्रसंग ओढवला. पंधरा वर्षांत जिनें परसदार सोडून कोठेंहि घाण केली नाहीं, ती माजघराच्या कोपऱ्यांत, आणि एके दिवशीं तर देवघराच्या उंबऱ्याशीं घाण करूं लागली. आमच्या मातोश्रींस हें कसें खपावें? वहिनींनीं चार दिवस धुवून काढलें. पांचव्या दिवशीं रात्रीं जेवणें उरकल्यावर घरांत विचार झाला, आणि मांजर आतां नासलें, त्यास पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून यावें, असें ठरलें. खरें सांगावयाचें तर त्या ठरावास आमचीहि संमति होती. इतका वेळ कोपऱ्यांत बसून ऐकत असलेली आमची पुतणी तेव्हां म्हणाली, “काका, ती आणि मी एका वयाच्या. मग ती माझ्या आधीं म्हातारी कां झाली? आणि म्हातारी झाली म्हणून तिला घरांतून घालवायची का?”

दुसऱ्या प्रश्नास आमच्यापाशीं त्या रात्रीं उत्तर नव्हतें, म्हणून आम्ही पहिल्याच्या मागें लागलों. पुढें ध्यानांत आलें कीं, हे दोन प्रश्न एकमेकांपासून फारसे दूर नाहींत. या महिन्याचें सदर त्याच शोधास दिलें आहे.

प्रथम मनीस पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं तिचे पाय हलक्या हातानें वांकवून पाहिले, क्ष-किरणांनीं चित्र काढविलें आणि विचारलें, “मांजर नासलेलें नाहीं, हिचे सांधे झिजले आहेत. परसांत जाण्यास हिला काय ओलांडावें लागतें?” आमच्या मागील दारास वीतभर उंच उंबरा असून त्यापलीकडे तीन दगडी पायऱ्या आहेत. गेले कित्येक महिने मनी त्या उंबऱ्याशीं येऊन उभी राही, पुढचा पाय उचली, पुन्हां खालीं ठेवी आणि माघारीं वळे. हें घरांतील प्रत्येकानें पाहिलें होतें. त्याचा अर्थ मात्र एकानेंहि लाविला नव्हता.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कुत्र्यामांजरांचें एक वर्ष म्हणजे माणसाचीं सात वर्षें, असा एक हिशेब पुष्कळ घरांत सांगतात. तो सोईचा आहे, पण बरोबर नाहीं. मांजरी वर्षाची होण्यापूर्वींच आई होऊं शकते. सात वर्षांची मुलगी नव्हे. शिवाय ग्रेट डेन जातीचा थोरला कुत्रा सात-आठ वर्षांतच थकतो, तर मांडीवर मावणारीं कांहीं कुत्रीं चौदा-पंधरा वर्षें सुखानें जगतात. यावरून इतकें दिसतें कीं, वय वाढणें आणि म्हातारें होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वय सर्वांचें सारख्याच गतीनें वाढतें. म्हातारपण मात्र ज्याच्या त्याच्या चालीनें येतें.

घरांतील उंदीर सर्व संकटांपासून जपला तरी दोन-तीन वर्षांत जराजर्जर होतो. आतां त्याच्याहून लहान असें ब्रांट नांवाचें वटवाघूळ पाहा. याचें वजन अवघें ७ ग्रॅमच्या आसपास. सैबेरियांत खुणेचें कडें घालून सोडलेलें असें एक वटवाघूळ तब्बल ४१ वर्षांनंतर जिवंत सांपडलें. ही नोंद २००५ सालीं प्रसिद्ध झाली. उत्तरेकडील थंड समुद्रांत ग्रीनलंड शार्क नांवाचा मासा आहे. त्याच्या डोळ्यांतील भिंगाच्या परीक्षेवरून २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं काढलेल्या अनुमानाप्रमाणें, तपासलेल्यांपैकीं सर्वांत मोठ्या मादीचें वय निदान २७२ वर्षें होतें. म्हणजे काळ जातो म्हणून शरीर झिजतें, एवढेंच म्हणून भागत नाहीं.

मग म्हातारपण मोजावें तरी कशानें? १८२५ सालीं लंडनचे विमा-गणिती बेंजामिन गोंपर्ट्‌झ यांनीं मृत्यूंचे आंकडे मांडून असें दाखविलें कीं, प्रौढ वयानंतर मरणाचा संभव ठराविक काळानें दुप्पट होत जातो. माणसांत हा काळ सुमारें आठ वर्षांचा आहे. उंदरांत तो कांहीं महिन्यांचाच आहे. शास्त्राच्या भाषेंत म्हातारपण म्हणजे ही चढती कमान होय. केस पिकणें, दांत पडणें हीं तिचीं बाह्य चिन्हें.

या चिन्हांच्या मुळाशीं शरीराच्या पेशींत काय घडतें, याचा शोध मोठ्या चुकीपासून सुरू झाला. १९१२ सालीं न्यूयॉर्क येथें अलेक्सिस कॅरेल या प्रख्यात शस्त्रवैद्यानें कोंबडीच्या गर्भाच्या हृदयांतील पेशी काचपात्रांत वाढविण्यास घेतल्या. तें संवर्धन १९४६ पर्यंत चाललें, आणि पेशी मुळांत अमर आहेत, असें सर्वत्र शिकविलें जाऊं लागलें. १९६१ सालीं फिलाडेल्फियाचे लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं मानवी पेशींवर तोच प्रयोग काळजीपूर्वक केला. त्या पेशी सुमारें पन्नास वेळां द्विगुणित झाल्या आणि थांबल्या. कॅरेल यांच्या पात्रांत पोषणद्रवाबरोबर बहुधा ताज्या पेशी पडत असाव्या, असें आतां मानतात. चूक साध्या हातचलाखीची असो कीं हलगर्जीची, तिनें शास्त्रास पन्नास वर्षें झुलविलें.

पेशी थांबतात कां? वस्त्राच्या टोकास सोडलेल्या दशा गांठून ठेविल्या नाहींत, तर वापरतां वापरतां वीण उसवत जाते. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांसहि निसर्गानें तशीच एक गांठ मारून ठेविली आहे. तिला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगतांना गुणसूत्राची जी नक्कल होते, तींत टोकाचा थोडा भाग दर वेळीं सुटतो. हें असें होत असलें पाहिजे, हा तर्क मॉस्कोचे अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह यांनीं १९७१ सालीं केला. या टोकांची रचना आणि तीं पुन्हां वाढविणारें द्रव्य उकलल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांस २००९ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

थांबलेली पेशी सर्वदा मरत नाहीं. ती जागा अडवून बसते आणि शेजारच्या पेशींस त्रासदायक अशीं द्रव्यें स्रवत राहते. त्यामुळें आसपास मंद दाह सुरू राहतो. अकालीं म्हातारे होणारे उंदीर घेऊन त्यांच्या शरीरांतील अशा पेशी वेंचून काढल्या असतां स्नायूंची व डोळ्यांची हानि लांबणीवर पडते, असें अमेरिकेंतील संशोधकांनीं २०११ सालीं दाखविलें.

परंतु सारा दोष टेलोमिअरच्या माथीं मारतां येत नाहीं. उंदराचे टेलोमिअर माणसाहून लांब असतात, तरी तो तीन वर्षांत संपतो. खरा प्रकार असा आहे कीं, शरीरांत झीज अहोरात्र चाललेली असते. पेशींतील डीएनएचे धागे तुटतात, प्रथिनांच्या घड्या बिघडतात, प्राणवायूच्या ज्वलनांतून निघणारीं द्रव्यें आंतील भाग पोळतात. या सर्वांची डागडुजी करणारे कारागीरहि प्रत्येक पेशींत आहेत. झीज कोणासच चुकलेली नाहीं. भेद आहे तो डागडुजींत. उंदराची डागडुजी ढिसाळ, मांजराची बरी, माणसाची त्याहून चांगली. म्हणून पुतणीच्या प्रश्नाचें रूप आतां असें होतें: निसर्गानें मनीच्या डागडुजींत हात आंखडता कां घेतला?

एकोणिसाव्या शतकांत जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनीं उत्तर दिलें होतें कीं, नव्या पिढीस जागा मिळावी म्हणून जुनी पिढी झिजते. उत्तर उदात्त आहे, म्हणून तें अजूनहि अनेकांच्या तोंडीं असतें. पण तें टिकत नाहीं. एखादा प्राणी न झिजणारा निघाला, तर त्यास इतरांहून अधिक पिलें होतील आणि न झिजण्याचा गुणच पसरेल. दुसरें असें कीं, रानांतील बहुतेक लहान प्राणी म्हातारपणापर्यंत पोंचतच नाहींत. त्यांस कोणी तरी खातें, अथवा थंडी, भूक व रोग मारतात. जे येतच नाहीं, त्याची योजना निसर्ग कशास करील?

या शेवटच्या वाक्यांतच खरें उत्तर दडलेलें होतें. तें पीटर मेडावर यांनीं १९५२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत स्पष्ट मांडलें. उशिरा प्रकट होणारा दोष निसर्गाच्या निवडींतून गाळला जात नाहीं, हा विचार जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं मेंदूच्या एका आनुवंशिक रोगाच्या संबंधांत १९४१ सालींच सुचविला होता. हेच हॉल्डेन १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन राहिले, येथील नागरिक झाले, आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. १९५७ सालीं जॉर्ज विल्यम्स यांनीं त्यांत भर घातली कीं, तारुण्यांत उपयोगी पडणारा गुण पुढें घातक ठरला तरीहि निवडला जातो. पॅसिफिक महासागरांतील सामन मासे याचें टोंकाचें उदाहरण होत. समुद्रांतून जन्मनदीकडे उलट चढतांना ते अन्न टाकतात, शरीर पणास लावतात, अंडीं घालतात, आणि थोड्याच दिवसांत सर्वांग विस्कटून मरतात.

१९७७ सालीं टॉमस कर्कवुड यांनीं यास जमाखर्चाचें रूप दिलें. तें आम्हीं पुतणीस स्वयंपाकघरांतील भांड्यांवरून समजावून सांगितलें. पितळेच्या पातेल्यास आपण कल्हई लावून घेतों. कारण तें पातेलें सासूकडून सुनेकडे जावयाचें असतें. मातीच्या मडक्यास कोणी कल्हई लावीत नाहीं. तें दोन उन्हाळ्यांत कोणाच्या तरी हातून फुटणारच. मग त्यावर खर्च कोण करील? शरीराची डागडुजी ही कल्हईच आहे, आणि तिचा दाम अन्नाच्या रूपानें मोजावा लागतो. ज्या उंदरास वर्षाच्या आंत घुबड नेणार, त्यानें तें अन्न डागडुजींत न घालतां पिलांत घालावें, हाच त्याचा फायद्याचा व्यवहार. वटवाघूळ उडून सुटतें, म्हणून त्याला कल्हई परवडते.

हा नुसता तर्क नव्हे. अमेरिकेंत मांजराएवढा, पोटाच्या पिशवींत पिलें वाढविणारा ऑपॉसम नांवाचा प्राणी आहे. मुख्य भूमीवर त्याचे शत्रु पुष्कळ. दोन वर्षांत तो म्हातारा होतो. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळील सापेलो बेटावर हेच प्राणी चार-पांच हजार वर्षें मोठ्या शत्रूंवांचून राहिले आहेत. स्टीव्हन ऑस्टॅड यांनीं दोन्हीं ठिकाणच्या माद्यांस खुणा करून कांहीं काळ लक्ष ठेविलें. १९९३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, बेटावरील माद्या एका वेळीं थोडीं पिलें घालतात, अधिक जगतात, आणि त्यांच्या शेंपटीच्या स्नायुबंधांतील तंतूहि सावकाश ताठरतात. धोका कमी झाला, तसें पिढ्यान् पिढ्या म्हातारपणहि मागें सरलें.

म्हणजे मनीचे सांधे पंधराव्या वर्षीं झिजले, याचें कारण तिच्या रानांतील पूर्वजांस पंधरावें वर्ष क्वचितच दिसे. त्या वयासाठीं निसर्गानें तरतूदच केलेली नाहीं. मनी तेथवर पोंचली ती आमचें छप्पर, आमचें दूध आणि वैद्यांची लस यांच्या बळावर. तिचें म्हातारपण हें आम्हींच तिला दिलेलें आहे. पुतणीच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडलें.

तथापि निसर्गानें वृद्धांस सर्वत्र वाऱ्यावर सोडलें आहे, असें नाहीं. केनियांतील अँबोसेली येथें हत्तिणींच्या कळपांस ध्वनिमुद्रित सिंहगर्जना ऐकविण्यांत आल्या. नर सिंहाची गर्जना अधिक धोक्याची, हें तरुण म्होरकीच्या कळपांहून साठ वर्षांवरील म्होरकीच्या कळपांनीं नीट ओळखलें. हा प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑर्का या जलचरांत माद्यांचें प्रजनन चाळिशीच्या सुमारास थांबतें, तरी पुढें कित्येक माद्या दशकानुदशकें जगतात. ज्या वर्षीं सामन मासा दुर्मिळ होतो, त्या वर्षीं कुटुंबाच्या पुढें पोहतात त्या याच आजीबाई. आजी वारल्यावर नातवंडांच्या मृत्यूचा संभव वाढतो, असेंहि २०१९ सालीं दिसून आलें आहे. जेथें आजीचा घरास उपयोग आहे, तेथें निसर्गानेंहि तिच्यासाठीं कल्हईचा खर्च सोसला.

स्वभावहि वयाबरोबर बदलतो. १९३८ सालीं हिंदुस्थानांतून सुमारें चारशें लाल तोंडाचीं माकडें प्वेर्तो रिकोजवळील कायो सांतियागो या बेटावर नेऊन सोडलीं; त्यांचे वंशज आजहि तेथें पाहावयास मिळतात. त्यांतील माद्या वय वाढेल तशा थोड्याच जणींकडे, म्हणजे नात्यागोत्याच्या व जुन्या मैत्रिणींकडे, जाऊं लागतात. इतर माकडें मात्र त्यांच्याकडे पूर्वींप्रमाणेंच येत राहतात. समाजानें त्यांस टाकलेलें नसतें. त्याच आपला गोतावळा निवडून घेतात. म्हातारें माणूस “आतां कोठें जाववत नाहीं” म्हणतें, त्यास आपण लगेच उदासपणा ठरवितों. तें प्रत्येक वेळीं खरें नसतें.

झीज थांबविण्याचा उपाय निघाला आहे का, असें वाचक विचारतील. १९३५ सालीं अमेरिकेंत क्लाइव्ह मकके यांनीं पोषण सांभाळून अन्न कमी दिलेले उंदीर अधिक जगतात, असें दाखविलें. १९९३ सालीं सिंथिया केनियन यांनीं सुमारें मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीचें आयुष्य एका जीनमधील बदलानें दुप्पट झालेलें दाखविलें. माकडांवरील दोन दीर्घ प्रयोगांत मात्र एकांत आयुष्य वाढलेलें दिसलें, दुसऱ्यांत स्पष्ट वाढ दिसली नाहीं. प्रकृति दोन्हींकडे सुधारली. म्हणून तारुण्य परत देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींवर पैसा घालविण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं हा इतिहास आठवावा.

जें करण्याजोगें आहे, तें साधें आहे. मांजर दुखणें लपवितें, कण्हत नाहीं. उडी मारणें सोडणें, अंग चाटून स्वच्छ न ठेवणें, फार पाणी पिणें, रात्रीं उगाच ओरडणें, भलत्या ठिकाणीं घाण करणें, यांपैकीं कांहींहि दिसलें तर तो खोडसाळपणा न समजतां वैद्यांस दाखवावें. सांधे, मूत्रपिंड, रक्तदाब यांपैकीं कशाचें तरी तें गाऱ्हाणें असूं शकतें. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मांजरास कधींहि देऊं नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीहि त्याचा जीव घेऊं शकते.

मनीसाठीं आम्हीं मागील पडवींत बसक्या कांठाची मातीची एक पाटी ठेविली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरांतील घाण बंद झाली. मातोश्रींस आम्हीं वैद्यांचें म्हणणें सविस्तर सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “मलासुद्धां तो उंबरा चढवत नाहीं रे.” गेल्या वर्षापासून परसांतील तुळशीस पाणी घालावयास त्या नातीस पाठवीत असत. त्या मुलीस वळण लावीत आहेत, असें आम्ही समजत होतों.

त्याच आठवड्यांत सुतारास बोलावून उंबरा उतरविला, पायऱ्यांच्या बाजूस लांकडी कठडा बसविला आणि पायऱ्यांवर उताराची एक फळी टाकिली. आतां सकाळीं मातोश्री कठड्यास धरून तुळशीपर्यंत जातात. फळीवरून त्यांच्या मागोमाग मनीहि जाते.